नखे मांजराची, सोय माणसाची

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२६ पासून पाळीव मांजराची नखे शस्त्रक्रियेने काढून टाकण्यास कायद्याने मनाई झाली आहे. मांजराच्याच आजारावर उपचार म्हणून तशी गरज पडली, तर डॉक्टरांना ही मुभा आहे. घरातील सोफा, पडदे किंवा गालिचा वाचवण्यासाठी मात्र नाही. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये या विधेयकावर स्वाक्षरी केली. युद्धे, आयात शुल्क आणि निवडणुका यांच्या गदारोळात ही बातमी किरकोळ वाटावी अशीच आहे. परंतु याच राज्याने सोळा वर्षांपूर्वी नेमका उलट्या दिशेचा कायदा केला होता. ही शस्त्रक्रिया बंद करू पाहणाऱ्या शहरांचे हात त्या कायद्याने बांधले होते. दोन कायद्यांमधील हे अंतर राज्याने कसे कापले, हे पाहिले की प्रश्न एका मांजरापुरता उरत नाही. ज्या प्राण्याला आपण हौसेने घरात आणतो, त्याच्या शरीरावर आपल्या सोयीचा अधिकार कोठपर्यंत चालतो, हा तो प्रश्न आहे. सदनिकांमध्ये मांजरे पाळू लागलेल्या गोव्यातही तो आज ना उद्या उभा राहणार आहे.

शस्त्रक्रिया नेमकी कशाची?

इंग्रजीत या शस्त्रक्रियेला ‘डीक्लॉइंग’ म्हणतात, म्हणजे नखे काढणे. बहुतेक गैरसमज या नावातच दडलेले आहेत. माणसाचे नख मांसावर बसलेले असते. ते गळून पडले तरी बोट शाबूत राहते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवते. ते कायमचे नाहीसे करायचे, तर ते हाडच सांध्यातून वेगळे करावे लागते. म्हणजे नखाबरोबर बोटाचे शेवटचे पेर जाते आणि त्याला जोडलेल्या कंडरा व मज्जातंतूही कापले जातात. पुढच्या दोन पंजांची शस्त्रक्रिया असेल तर दहा आणि चारही पंजांची असेल तर अठरा पेरे छाटली जातात. पूर्वी यासाठी कात्रीसारखे हत्यार किंवा सुरी वापरत, नंतर लेसर आला. रक्तस्राव कमी झाला; जे कापले जाते त्यात फरक पडला नाही.

मांजर टाचा टेकून चालत नाही, ते बोटांवर चालते. त्यामुळे शेवटचे पेर गेले की शरीराचा भार वेगळ्या जागी पडतो आणि चालण्याची ढब बदलते. नखे ओरबाडणे ही मांजराची खोडी नसून त्याची गरज आहे. ओरबाडल्याने नखांवरचे जुने आवरण सुटते आणि पाठीच्या व खांद्याच्या स्नायूंना ताण मिळतो. शिवाय पंजातील ग्रंथींचा गंध त्या जागी उमटतो आणि ‘ही जागा माझी’ अशी खूण राहते. संकटात झाडावर चढायला आणि अंगावर आलेल्या कुत्र्याला थोपवायलाही नखेच लागतात. नखे गेली की मांजराकडे स्वसंरक्षणासाठी उरतात ते दात.

२०१७ मध्ये मांजरांच्या वैद्यकशास्त्रावरील एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने अमेरिकेतील पशुवैद्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नखे काढलेली १३७ आणि नखे असलेली १३७ मांजरे त्यात तपासली होती. नखे काढलेल्या मांजरांमध्ये पाठदुखी, चावण्याची सवय आणि ठरलेल्या जागेबाहेर मलमूत्र करणे हे सारे कितीतरी अधिक आढळले. त्यांच्यापैकी सुमारे ६३ टक्के मांजरांच्या पंजात क्ष-किरण तपासणीत हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. याआधीच्या काही पाहण्यांत असा ठळक फरक दिसला नव्हता, हेही नमूद करणे आवश्यक आहे. एका अभ्यासाने वाद मिटत नाही. मात्र या अभ्यासाने डॉक्टरांच्या हाती एक साधे स्पष्टीकरण दिले. दुखऱ्या पंजाने खरखरीत वाळू उकरणे मांजराला नकोसे होते, म्हणून ते वाळूचे भांडे टाळून गादीवर किंवा गालिच्यावर जाते. सोफा वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया अशा प्रकारे गादीवर उलटते. अनेक मांजरांना त्यानंतर घराबाहेरची वाट दाखवली जाते.

ही चाल पडली कशी?

मांजर हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहिले, ते उंबऱ्याच्या आत-बाहेर करत. धान्यातील उंदीर मारावेत, उरलेसुरले खावे, उन्हात लोळावे आणि रात्री हवे तिकडे जावे, असा त्याचा दिनक्रम होता. नखे घासायला झाडांची खोडे होती; त्यामुळे त्याच्या नखांची घराला अडचण नव्हती. अमेरिकेत हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर बदलले. १९४७ मध्ये मिशिगन राज्यातील एडवर्ड लो या तरुणाने शोषक मातीचे दाणे मांजराच्या शौचासाठी वापरता येतात, हे ओळखून ‘किटी लिटर’ या नावाने त्यांची विक्री सुरू केली. दुर्गंधीची अडचण दूर होताच मांजर चोवीस तास घरात राहू शकेल अशी सोय झाली. त्याच काळात उपनगरांतील नवी घरे, नवे सोफे आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचे गालिचे आले. झाडाचे खोड दाराबाहेर राहिले आणि त्याची जागा सोफ्याने घेतली.

यावर तिथल्या दवाखान्यांनी जो उपाय पुढे केला, तो नखे काढण्याचा. मांजराच्या नसबंदीच्या वेळीच नखेही काढून घ्यावीत, असा सल्ला दिला जाऊ लागला. काही ठिकाणी दोन्ही मिळून सवलतीचा एकच दर असे. काही घरमालक नखे काढलेल्या मांजरासहच भाडेकरू ठेवण्याची अट घालू लागले. मालक मंडळी क्रूर होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नख म्हणजे हाड, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेच नव्हते. जी गोष्ट दवाखान्याच्या दरपत्रकात छापलेली असते, ती योग्यच असणार, असे सामान्य माणूस गृहीत धरतो. रूढी अशीच तयार होते: प्रत्येकाने स्वतंत्रपणे घेतलेला छोटासा सोयीचा निर्णय, आणि त्यावर तज्ज्ञाचा शिक्का.

वाघ आधी, मावशी नंतर

कॅलिफोर्नियातील विरोधाची सुरुवात पाळीव मांजरापासून झाली नाही. जेनिफर कॉनराड या पशुवैद्य चित्रपटसृष्टीत आणि खासगी संग्रहांत ठेवलेल्या सिंह-वाघांवर उपचार करत. नखे काढल्यामुळे चालताना लंगडणारी ही जनावरे पाहून त्यांनी त्यांच्या पंजांवर दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया केल्या आणि ‘पॉ प्रोजेक्ट’ ही संस्था उभी केली. त्यांच्या प्रयत्नांतून २००३ मध्ये लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने मांजरांची नखे काढण्यावर बंदी घातली. अमेरिकेतील अशी ही पहिली बंदी. त्यानंतर २००४ मध्ये राज्याने वाघ-सिंहादी वन्य मार्जारकुळाची नखे काढण्यास मनाई करणारा कायदा केला. मराठीत मांजराला वाघाची मावशी म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात भाच्याला संरक्षण मिळाले आणि मावशीला आणखी एकवीस वर्षे ताटकळत राहावे लागले.

त्याचे कारण पशुवैद्यांचा व्यवसाय. राज्याच्या पशुवैद्यक संघटनेने वेस्ट हॉलिवूडला न्यायालयात खेचले. डॉक्टरला परवाना राज्य देते, मग त्याने कोणती शस्त्रक्रिया करावी हे नगरपालिका कशी ठरवणार, असा संघटनेचा मुद्दा होता. खालच्या न्यायालयात संघटना जिंकली, पण २००७ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. क्रौर्य रोखण्याचा अधिकार शहराला आहे, हे मान्य झाले. तेव्हा संघटनेने विधिमंडळाचे दार ठोठावले. राज्याने परवाना दिलेल्या व्यावसायिकाच्या कामावर शहरांनी बंदी घालू नये, असा कायदा २००९ मध्ये संमत झाला. तो १ जानेवारी २०१० पासून लागू होणार होता. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, बर्कले, सांता मोनिका, बेव्हर्ली हिल्स, बर्बँक आणि कल्व्हर सिटी या सात शहरांनी दार बंद होण्यापूर्वी, २००९ च्या अखेरच्या महिन्यांत, घाईघाईने आपापल्या बंद्या मंजूर करून घेतल्या. वेस्ट हॉलिवूड धरून आठ शहरे सुटली. उरलेल्या राज्यात ही शस्त्रक्रिया कायदेशीर राहिली. एका रस्त्याच्या अलीकडे जे क्रौर्य, ते पलीकडे उपचार, असा विचित्र नकाशा तयार झाला आणि तो पुढे सोळा वर्षे टिकला.

मधल्या काळात जग पुढे सरकत होते. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियानेच घरमालकांना ‘नखे काढलेलेच मांजर हवे’ अशी अट घालण्यास मनाई केली. २०१७ मध्ये कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराने बंदी घातली. २०१९ च्या जुलैत न्यूयॉर्क हे संपूर्ण बंदी घालणारे पहिले अमेरिकी राज्य ठरले. तेथे उल्लंघनाला एक हजार डॉलरपर्यंत दंड आहे आणि नखे न काढता केवळ कंडरा कापून ती निकामी करण्याची पळवाटही त्या कायद्याने बुजवली आहे. त्यानंतर मेरीलँड २०२२ मध्ये, व्हर्जिनिया २०२४ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्स २०२५ च्या जानेवारीत त्याच वाटेने गेले. कॅनडात तर विधिमंडळांची वाट न पाहता पशुवैद्यांच्या नियामक संस्थांनीच पुढाकार घेतला. नोव्हा स्कोशियाच्या संस्थेने २०१८ मध्ये आचारसंहिता बदलून ही शस्त्रक्रिया अनैतिक ठरवली. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियाने आणि पुढे इतर प्रांतांनीही तेच केले. क्यूबेकमध्ये २०२४ पासून बंदी आहे.

युरोपात हा वाद अमेरिकेइतका पेटला नाही, कारण तेथे रूढी पडण्याआधीच नियम आला. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ मध्ये स्ट्रासबर्ग येथे झालेल्या युरोपीय करारात उपचाराखेरीज अन्य हेतूने शेपूट छाटणे, कान कापणे, आवाज बंद करणे, नखे आणि दात काढणे या गोष्टी एकाच यादीत निषिद्ध ठरवल्या आहेत. पोर्तुगालने १९९३ मध्ये हा करार मान्य केला. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याखाली या शस्त्रक्रियेला वाव नाही. इस्रायलने २०११ मध्ये ती फौजदारी गुन्हा ठरवली. गोव्यातून पोर्तुगाल किंवा ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबाने तेथील दवाखान्यात ही मागणी केली, तर त्याला नकारच मिळेल.

बंदीविरोधी युक्तिवाद

विरोधकांची बाजू हास्यास्पद म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यक संघटनेनेही बंदीला विरोध केला होता आणि त्यामागे तीन मुद्दे होते.

पहिला मुद्दा सर्वांत वजनदार आहे. नखे काढण्याचा मार्ग बंद झाला, तर कंटाळलेले मालक मांजर निवारागृहात सोडतील, आणि अमेरिकेत निवारागृह म्हणजे अनेकदा मृत्यू. नखांविना जगणे हे न जगण्यापेक्षा बरे नाही का? या प्रश्नाचे उत्तर भावनेने देता येत नाही, आकड्यांनीच द्यावे लागते. ब्रिटिश कोलंबियात बंदीपूर्वी आणि बंदीनंतर निवारागृहांत आलेल्या सुमारे ७५ हजार मांजरांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. नासधूस करते म्हणून सोडलेल्या मांजरांचे प्रमाण हजारात दोन इतकेही नव्हते आणि बंदीनंतर ते वाढल्याचेही आढळले नाही. सोफ्यासाठी मांजर सोडून देणारे मालक प्रत्यक्षात फारच थोडे असतात, असा याचा अर्थ आहे. शस्त्रक्रियेमागे ‘नाहीतर सोडून देऊ’ असा निर्वाणीचा प्रसंग बहुधा नसतो. ती करता येते आणि सोयीची वाटते, म्हणून केली जाते.

दुसरा मुद्दा आजारी माणसांचा. प्रतिकारशक्ती क्षीण झालेली, रक्त पातळ करणारी औषधे घेणारी किंवा कर्करोगावर उपचार चालू असलेली व्यक्ती घरात असेल, तर एका ओरखड्यानेही धोका संभवतो. तरीसुद्धा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेच अशा घरांसाठी नखे काढण्याचा सल्ला दिलेला नाही. ओरखड्यातून होणाऱ्या तापाचे जंतू पिसवांमार्फत मांजरात येतात, त्यामुळे खरा उपाय पिसवांचा बंदोबस्त हा आहे. त्यातच नखे गेलेले मांजर चावू लागले, तर धोका वाढतो. मांजराचे दात बारीक आणि टोकदार असतात. जखम लहान दिसते, पण जंतू खोलवर जातात.

तिसरा मुद्दा व्यावसायिक स्वातंत्र्याचा. डॉक्टर आणि मालक यांच्यामध्ये सरकारने का पडावे? सामान्यतः हा आक्षेप योग्य असतो. मात्र येथे डॉक्टर आणि मालक दोघे बोलतात आणि ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया व्हायची, तो तिसरा बोलू शकत नाही. खुद्द व्यवसायानेही कालांतराने आपले मत बदलले. मांजरांच्या उपचारांत विशेष काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये या शस्त्रक्रियेला ठाम विरोध नोंदवला. सर्व पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये, निर्णय डॉक्टरांच्या हाती ठेवूनही, ती न करण्याचीच भूमिका घेतली. त्याच वर्षी तेथील पशुदवाखान्यांच्या काही मोठ्या साखळ्यांनी ही सेवा थांबवली. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याने व्यवसायावर बाहेरून काही लादले, असे म्हणता येत नाही. व्यवसायाचा बराच मोठा भाग आधीच त्या निष्कर्षावर येऊन थांबला होता.

मग सोफ्याचे काय?

हा प्रश्न क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. मध्यमवर्गीय घरात सोफा एकदाच घेतला जातो आणि तो वर्षानुवर्षे चालवावा लागतो. सुदैवाने उपाय स्वस्त आहेत. दोन-तीन आठवड्यांनी नखांची केवळ टोके कापली तरी निम्मे काम होते. नखात आत दिसणारा गुलाबी भाग जिवंत असतो, तेवढा वाचवायचा; पहिल्या वेळी डॉक्टरांकडून करून घेऊन शिकले की पुढे घरी जमते. दुसरा उपाय, ओरबाडायला हक्काची जागा देणे. मांजराला पूर्ण अंग ताणता येईल इतका, साधारण तीन फूट उंच आणि न डगमगणारा खांब लागतो. परदेशी दुकानांत तो महाग मिळतो. कोकण-गोव्यात मात्र काथ्याची दोरी बाजारात सहज मिळते. एखाद्या जाड ओंडक्यावर सुंभ घट्ट गुंडाळून तो भक्कम पाटावर उभा केला की काम भागते. काहींना आडवे ओरबाडायला आवडते. त्यांना काथ्याचे पायपुसणे पुरते.

हा खांब कोपऱ्यात दडवून ठेवला की मांजर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. जिथे ते आधी ओरबाडत होते, तिथेच, म्हणजे सोफ्याच्या शेजारी तो ठेवावा लागतो. सोफ्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली की मांजराला तो स्पर्श नकोसा होतो. सवय लागली की खांब हळूहळू सरकवता येतो. नखांवर बसवण्याच्या मऊ प्लॅस्टिकच्या टोप्याही मिळतात. त्या चार ते सहा आठवड्यांनी बदलाव्या लागतात. मारणे, ओरडणे यांचा उपयोग होत नाही. मांजर शिकते ते एवढेच, की माणूस घरात नसताना ओरबाडावे. हे सारे करूनही सोफ्यावर दोन ओरखडे उठणारच. तेवढे सोसण्याची तयारी नसेल, तर मांजर न आणण्याचा निर्णय हाच प्रामाणिक निर्णय ठरतो.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतात मांजराची नखे काढण्याची रूढी नाही आणि ही चांगली गोष्ट आहे. तथापि रूढी नाही याचे श्रेय कायद्याला देता येत नाही. आपल्याकडे मांजर अजून पुरते घरात आलेलेच नव्हते, हे त्याचे कारण. गोव्यातील जुन्या घरांत माजर पडवीत निजते, नुस्ते साफ होत असताना परसात हजर होते आणि माडाच्या बुंध्यावर नखे घासते. ते कुणाचे आहे, हे शेजाऱ्यांनाही नक्की सांगता येत नाही. पण पर्वरी, ताळगावसारख्या भागांत उभ्या राहिलेल्या सदनिकांत हे चित्र पालटत आहे. चौथ्या मजल्यावरील मांजराला परसू नाही आणि माडही नाही. पैसे मोजून आणलेले लांब केसांचे मांजर आयुष्यभर खिडकीतूनच बाहेर पाहते. म्हणजे अमेरिकेत ज्या परिस्थितीतून ही शस्त्रक्रिया जन्माला आली, ती परिस्थिती आपल्याकडे आता तयार होत आहे. इंटरनेटवरून माहिती घेऊन दवाखान्यात येणारा मालक तिची मागणीही करू शकतो.

अशा वेळी आधार कशाचा? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात प्राण्याचे अंगच्छेदन करणे हा गुन्हा सांगितला आहे. परंतु अंगच्छेदन कशाला म्हणावे, याची व्याख्या कायद्यात नाही. गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणी आणि वेसण यांना ठरावीक पद्धतीने करण्याच्या अटीवर सूट आहे. मांजराच्या नखांचा उल्लेख सूट म्हणूनही नाही आणि मनाई म्हणूनही नाही. ब्रिटिश कायद्याने हे काम एका वाक्यात केले आहे: उपचाराखेरीज अन्य कारणासाठी प्राण्याच्या संवेदनशील ऊतींमध्ये किंवा हाडांच्या रचनेत केलेला हस्तक्षेप म्हणजे अंगच्छेदन. आपल्याकडे अशी व्याख्या असती, तर वादाला जागा उरली नसती.

शिक्षेची स्थिती त्याहून दयनीय आहे. ११ व्या कलमाखालील पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड आहे. १९६० मध्ये या रकमेला काही अर्थ होता. आज त्या पैशांत मांजराच्या खाद्याची एक पुडी येईल. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात प्राण्याला ठार करणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र ते कलम नुकसान करण्याच्या गुन्ह्यावर उभे आहे. मालकाने स्वतःच्याच मांजरावर डॉक्टरांकडून शस्त्रक्रिया करून घेतली, तर ते कितपत लागू पडेल, हा वादाचाच विषय होईल. १९६० च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारा मसुदा केंद्र सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. त्याचे अजून कायद्यात रूपांतर झालेले नाही.

कायद्याची वाट लांबची असेल, तर नोव्हा स्कोशियाची वाट जवळची आहे. भारतात पशुवैद्यांच्या व्यवसायाचे नियमन १९८४ च्या कायद्यानुसार भारतीय पशुवैद्यक परिषद करते आणि व्यावसायिक वर्तनाची तिची नियमावली १९९२ पासून अस्तित्वात आहे. उपचाराखेरीज अन्य कारणासाठी मांजराची नखे काढणे हे व्यवसायाला न शोभणारे वर्तन आहे, एवढी स्पष्टता या नियमावलीत आली तरी पुरे. ज्या शस्त्रक्रियेतून आज कुणाचा धंदा चालत नाही, ती थांबवायला विरोधही होणार नाही. कॅलिफोर्नियाला जो संघर्ष बावीस वर्षे करावा लागला, तो आपल्याला टाळता येईल. रूढी पडल्यावर ती मोडण्यापेक्षा ती पडू न देणे केव्हाही सोपे असते.

गोव्यात प्राण्यांविषयी चर्चा होते ती प्रामुख्याने मैदानावरच्या आणि रस्त्यावरच्या प्राण्यांची. धिरयोवर उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातली. ती उठवण्याची मागणी विधानसभेत आजही अधूनमधून होत असते. भटक्या कुत्र्यांचा विषय तर रोजचाच. या दुसऱ्या विषयात गोव्याने देशाला दाखवण्यासारखे काही केले आहे. कुत्र्याच्या दातांची भीती खरी होती, कारण त्या दातांमागे रेबीज होता. त्यावर राज्याने उत्तर शोधले ते लसीचे. वाड्यावाड्यांवर फिरून कुत्र्यांना लस टोचली गेली, शाळांत मुलांना चाव्यापासून सावध कसे राहावे हे शिकवले गेले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. कुत्र्यांचे दात उपटावेत, असे कुणाच्या मनातही आले नाही. मांजराच्या नखांना हाच न्याय लावता येतो. मांजरालाही रेबीजची लस द्यावी, ओरखडा उठल्यास जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे आणि नखांची टोके वेळच्या वेळी कापावीत. धोका कमी करायचा असतो. त्यासाठी प्राण्याचे अवयव कमी करावे लागत नाहीत.

घरात मांजर आणताना कुटुंबाने स्वतःला विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. या शस्त्रक्रियेचा लाभ कुणाला, मांजराला की आपल्याला? पंजात गाठ झाली असेल किंवा नख कुजले असेल, तर लाभ मांजराला आहे आणि डॉक्टरांनी तेवढे बोट जरूर काढावे. लाभ फक्त आपल्याला असेल, तर तो लाभ बोटाचे पेर न कापता मिळवण्याचे सारे मार्ग संपले आहेत का? आणि ते खरोखर संपले असतील, तर दुसऱ्या एखाद्या घराला हे मांजर नखांसह हवे आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली, तर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणारे कुटुंब क्वचितच सापडेल. कॅलिफोर्नियाने या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी आता कायद्यावर सोपवली आहे. आपल्याकडे ती अजून घराघरांवरच आहे, आणि जोवर नियम होत नाही, तोवर मालकाला नाही म्हणण्याचे काम गल्लीतल्या दवाखान्यातील पशुवैद्यालाच करावे लागणार आहे.